कोळसा होतो कसा आणि धूर जातो कुठे

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले आणि इ.स.पू. १६०० ते ७०० या काळात नांदलेली शेतकऱ्यांची एक वस्ती उजेडात आणली. ती माणसे काय खात होती हे आज बऱ्याच तपशिलाने ठाऊक आहे : सातू, गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा. हे कळले ते जळक्या दाण्यांवरून. कणगीत जपून ठेवलेला दाणा किडून-कुजून केव्हाच मातीला मिळाला. चुलीत सांडलेला, काळा पडलेला पण राख न झालेला दाणा तीन हजार वर्षांनी आकारासकट हाती आला. कोळशाच्या तुकड्यांवरून काळही ठरवता येतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत साठच्या दशकात कार्बन-१४ मोजणारी प्रयोगशाळा होती आणि आपल्याकडच्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांच्या कालगणनेत तिथल्या आकड्यांचा मोठा वाटा आहे.

दाणा पुरता जळला असता तर राख झाली असती, मुळीच जळला नसता तर माती झाली असती. या दोहोंच्या मधली जी अवस्था आहे, तिच्यावर माणसाने लोखंड वितळवले, शहरे उजळली, विषारी वायूपासून जीव वाचवला आणि आता हवामानबदलाला लगाम घालायचे बेत तो करतो आहे. लाकूड, पाचट, करवंटी, हाड, साखर, डांबर, असे काहीही हवा तोडून तापवले की शेवटी काळा कार्बन उरतो, हे सर्वांना माहीत असते. त्यापुढचा प्रश्न क्वचितच विचारला जातो : सगळ्यांतून एकच कार्बन निघतो का, आणि जो उरत नाही त्याचे काय होते? या विषयावरच्या लिखाणात सहसा तापमानाचे एक कोष्टक असते. अमुक अंशाला अमुक होते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. कोळशाचे भवितव्य बहुतांशी पाचशे अंशांच्या आतच ठरून जाते आणि त्याचा हिशेब धुराचा हिशेब मांडल्याशिवाय पुरा होत नाही, असे मला वाटते.

सुके लाकूड वजनाने जवळजवळ निम्मे कार्बन असते. उरलेल्यात ४३-४४ टक्के ऑक्सिजन आणि सहा टक्क्यांच्या आसपास हायड्रोजन. ही मूलद्रव्ये तीन मोठ्या पदार्थांत बांधलेली असतात : सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. तापवू लागले की शंभर अंशांच्या आसपास आधी पाणी जाते. हेमिसेल्युलोज सर्वांत कच्चे. ते साधारण २२० ते ३१५ अंशांत मोडते. सेल्युलोज ३१५ ते ४०० या अरुंद पट्ट्यात जवळजवळ एकदम कोसळते. लिग्निनचे वागणे निराळे. ते १६० अंशांपासूनच हळूहळू सुटू लागते आणि नऊशे अंशांपर्यंत सुटतच राहते. सुरुवात सर्वांच्या आधी, शेवट सर्वांच्या नंतर. त्याची रचना मुळातच कार्बनच्या सहाकोनी कड्यांनी भरलेली असल्यामुळे मागे उरणाऱ्या कोळशात त्याचा वाटाही मोठा असतो. म्हणूनच करवंटीसारख्या लिग्निनभरल्या वस्तूचा कोळसा टणक आणि भरपूर येतो.

कागदावर गणित सोपे आहे. सेल्युलोजमधला सगळा ऑक्सिजन हायड्रोजनला सोबत घेऊन पाण्याच्या रूपाने निघून गेला, तर १६२ ग्रॅम सेल्युलोजमागे ७२ ग्रॅम निखळ कार्बन उरायला हवा, म्हणजे ४४ टक्के. शाळेत साखरेवर तीव्र गंधकाम्ल ओतून काळा फुगीर खांब उभा करतात, तिथे काहीसे असेच घडते. आम्ल पाणी ओढून घेते आणि कार्बन बराचसा मागे राहतो. उष्णतेला एवढा संयम नसतो. ऑक्सिजन निघताना कार्बनलाही बरोबर नेतो : कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ॲसेटिक आम्ल, मिथेनॉल आणि डांबराच्या शेकडो संयुगांच्या रूपात. चांगल्या भट्टीत शंभर किलो सुक्या लाकडामागे तीसेक किलो कोळसा मिळतो आणि त्यात पंचवीस किलोच्या आसपास कार्बन असतो. लाकडात होता पन्नास किलो. म्हणजे उत्तम कारागिरीतही निम्मा कार्बन वर जातो. मातीच्या परंपरागत भट्टीत तर कोळसाच दहा ते वीस किलो येतो.

इथे संशोधकांमध्ये दीर्घ वाद होता. लाकूड मोडताना उष्णता बाहेर टाकते की शोषते? भट्टी लावणाऱ्याचा अनुभव असा की २८० अंशांच्या सुमारास भट्टी 'स्वतःच चालू लागते', वरून आग द्यावी लागत नाही. प्रयोगशाळेत पातळ नमुना भराभर तापवला तर मात्र उलटे दिसे, तो उष्णता शोषून घेई. हवाई विद्यापीठातले मायकेल अँटल आणि इतरांच्या कामातून उलगडा झाला तो असा, की दोघेही बरोबर होते. वाफा झटकन निघून गेल्या तर उष्णता खर्च होते आणि कोळसा कमी राहतो. त्याच वाफा तापलेल्या कोळशाच्या छिद्रांत अडकून राहिल्या तर तिथेच पुन्हा मोडतात, कार्बनचा आणखी एक थर मागे ठेवतात आणि उष्णता सोडतात. कोळशाचा काही भाग असा धुरातून परत आलेला असतो. जाड ओंडका, मंद आच, घट्ट झाकण, दाब यांनी कोळसा वाढतो. भुसा आणि झटपट उष्णता यांनी घटतो. पाचशे अंशांनाच एकीकडे पस्तीस टक्के कोळसा मिळू शकतो आणि दुसरीकडे, सारे काही सेकंदांत उरकले तर, बारा टक्के कोळसा आणि सत्तरपंचाहत्तर टक्के काळे तेल. तापमान एकच, लाकूड तेच. कोष्टक अपुरे म्हटले ते यामुळे.

मातीची भट्टी लावणाऱ्यांनी हे सूत्र न लिहिता पाळले. लाकडे उभी-आडवी दाबून रचायची, वर गवत आणि पाला, त्यावर ओल्या मातीचा लेप, मधून आग, कडेने भोके. सुरुवातीचा धूर दाट पांढरा, कारण तो बहुतांशी वाफ असतो. मग पिवळसर, डोळ्यांना झोंबणारा, आम्लाचा आणि डांबराचा. शेवटी विरळ निळा. निळा दिसला की भोके बुजवायची आणि दिवसेंदिवस थंड होऊ द्यायचे. घाई करून फोडली तर आत हवा शिरून सगळी राख. मापनयंत्र काही नाही, धुराचा रंग हेच यंत्र.

या धुराचे मोल युरोपने आधी ओळखले. रॉबर्ट बॉइलने १६६१मध्ये लाकडाच्या धुरातून एक हलका द्रव वेगळा केला, तो मिथेनॉल होता. ड्युमा आणि पेलिगो या फ्रेंच रसायनज्ञांनी १८३४मध्ये त्याची ओळख पक्की केली. एकोणिसाव्या शतकात लाकूड बंद भांड्यात तापवून मिथेनॉल, सिरका-आम्ल, डांबर आणि ॲसिटोन काढण्याचे कारखाने उभे राहिले. कोळसा हा त्यातला एक माल, एकमेव नव्हे. आपल्या जवळचे उदाहरण कर्नाटकातल्या भद्रावतीचे. ज्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले आणि खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे ज्यांनी बसवले, त्या विश्वेश्वरय्यांच्या पुढाकाराने तिथे लोखंडाचा कारखाना योजला गेला. त्याचे मूळ नावच 'म्हैसूर वुड डिस्टिलेशन अँड आयर्न वर्क्स'. मलनाडच्या जंगलातले लाकूड बंद भांड्यांत तापवायचे, कोळसा लोखंडाच्या झोतभट्टीला, धुरातली रसायने बाजाराला. लोखंड निघू लागले १९२३मध्ये. त्याच वर्षी जर्मनीत बीएएसएफ कंपनीने वायूंपासून कृत्रिम मिथेनॉल बनवण्याचा कारखाना चालू केला आणि लाकडाच्या धुरातून रसायने काढण्याच्या धंद्याचे जगभर दिवस फिरले. योजना हुशारीची होती. फक्त वेळ वाईट. पण तिचा विचार आज पुन्हा वाचण्याजोगा आहे, कारण धूर हा टाकाऊ नसून मालाचाच अर्धा भाग आहे, हे तिच्यात धरलेले होते.

दगडी कोळशाचेही तेच. इंग्लंडमध्ये कोलब्रुकडेल इथे अब्राहम डार्बीने १७०९मध्ये कोक वापरून लोखंड काढले. कोक म्हणजे दगडी कोळसाच हवा तोडून तापवलेला. त्यातून सुटणारा वायू शंभर वर्षे नुसता उडून गेला. विल्यम मरडॉकने १७९२च्या सुमारास तो नळीतून आणून पेटवला आणि पुढे शहरांतले रस्ते उजळले. मुंबईत गॅसचे दिवे आले १८६५मध्ये. लालबागची 'गॅस कंपनी लेन' त्या काळाची नावापुरती खूण. वायू काढून उरणाऱ्या चिकट डांबरातून विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाला १८५६मध्ये जांभळा रंग सापडला आणि कृत्रिम रंगांचा, पाठोपाठ औषधांचा उद्योग उभा राहिला.

आता दुसरा प्रश्न : सगळ्यांतून एकच कार्बन निघतो का? नाही. आणि हा भेद ज्यावर ठरतो ती गोष्ट साधी आहे : कार्बन होण्याआधी पदार्थ वितळतो का?

लाकूड वितळत नाही. म्हणून कोळशाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला की पेशींच्या भिंती, नळ्या, वार्षिक वलये दिसतात. त्यावरून तो सागाचा की खैराचा की बाभळीचा हे पुरावनस्पतिशास्त्रज्ञ सांगू शकतात. इनामगावचा सातू सातूसारखा दिसला तो यामुळेच. याउलट काही जातींचा दगडी कोळसा साडेतीनशे-चारशे अंशांना मऊ होतो, फुगतो, बुडबुडतो आणि पाचशेच्या आसपास पुन्हा घट्ट होतो. असा कोळसा हजार-अकराशे अंशांच्या ओव्हनमध्ये पंधरा ते चोवीस तास ठेवला की चुऱ्याचा टणक सलग कोक होतो, आणि झोतभट्टीत वरच्या खनिजाचा भार पेलतो. चंद्रपूर-बल्लारपूर पट्ट्यातला वर्धा खोऱ्याचा कोळसा असा मऊ होत नाही. तो वीज करायला चालतो, कोक करायला नाही. तसा कोळसा झरियाच्या खाणींत आहे, पण देशाची गरज त्यावर भागत नाही आणि पोलाद कारखान्यांना तो ऑस्ट्रेलियातून जहाजे भरून आणावा लागतो. कोळशाने भरलेल्या देशाने कोळसा आयात करावा हे अनेकांना कोडे वाटते. त्याचे उत्तर त्या दीडशे अंशांच्या मऊपणात आहे.

या भेदाला शास्त्राचा पाया दिला रोझालिंड फ्रँकलिनने. डीएनएमुळे तिचे नाव सर्वांना ठाऊक आहे, पण तिचे पहिले मोठे काम कोळशावरचे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२पासून, ती ब्रिटनच्या कोळसा-वापर संशोधन संस्थेत होती आणि कोळशातल्या अतिसूक्ष्म छिद्रांचा अभ्यास करत होती. केंब्रिजची डॉक्टरेट तिला त्यावरच मिळाली. पुढे पॅरिसमध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने तिने अनेक पदार्थांपासून केलेले कार्बन तीन हजार अंशांपर्यंत तापवून तपासले. १९५१च्या तिच्या निबंधात निष्कर्ष आहे : कार्बनचे दोन वर्ग आहेत. एक वर्ग खूप तापवला की ग्राफाइट होतो, म्हणजे त्याचे कार्बन-थर एकावर एक नीट बसतात. दुसरा वर्ग कितीही तापवा, ग्राफाइट होत नाही. कोणता पदार्थ कोणत्या वर्गात जाणार हे तीन हजार अंशांवर ठरत नाही. ते खालीच, कार्बन होता होता ठरलेले असते. मऊ झालेल्या पदार्थातले चपटे रेणू हलू शकतात, एकमेकांना समांतर रांगेत येतात. न वितळणाऱ्या पदार्थात त्यांना हलायला जागा नसते. आडव्या-तिडव्या बंधांनी ते जिथे आहेत तिथेच जखडले जातात. ब्रूक्स आणि टेलर या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९६५मध्ये ते रांगेत येणे डोळ्यांनी दाखवले : तापणाऱ्या डांबरात द्रव-स्फटिकाचे गोल थेंब उगवतात, वाढतात, एकमेकांत मिसळतात, आणि ग्राफाइटची रचना तिथेच बेतली जाते.

एकदा हे ध्यानात आले की पुष्कळ सुटी उदाहरणे एका ओळीत बसतात. एडिसनच्या १८८०च्या दिव्यातली तार जपानी बांबूची होती. बांबू वितळला असता तर तार तार राहिली नसती. कार्बन फायबर आज ज्या ॲक्रिलिक धाग्यापासून होते तो मऊ पडून आकार सोडू शकतो, म्हणून आधी दोनशे-तीनशे अंशांवर मुद्दाम हवेत तापवून त्याचे रेणू एकमेकांना बांधून टाकतात आणि मगच हजाराच्या वर नेतात. इथे ऑक्सिजन शत्रू नसून सुरुवातीचा साथीदार आहे. ग्राफाइट न होणारा कार्बन फार दिवस कमअस्सल मानला जाई. पण त्याच्या विस्कळीत थरांमध्ये सोडियमचे अणू शिरून बसतात हे स्टीव्हन्स आणि डान यांनी २०००मध्ये ग्लुकोज तापवून केलेल्या कार्बनवर दाखवले, आणि आज सोडियम बॅटरीसाठी तोच कठीण कार्बन शोधला जातो. ग्राफाइटमध्ये सोडियम असा सहज शिरत नाही.

छिद्रांचा उपयोग त्याहून जुना. एप्रिल १९१५मध्ये ईप्र इथे क्लोरीनचा हल्ला झाला आणि त्याच वर्षी रशियात निकोलाय झेलिन्स्कीने कोळशाचा मुखवटा तयार केला. अमेरिकेत सैन्यासाठी करवंट्या आणि पीचच्या बिया गोळा केल्या गेल्या, कारण टणक कवचाच्या कोळशात सूक्ष्म छिद्रे दाट असतात. असा कोळसा आठशे ते हजार अंशांवर वाफेने कोरून काढला की एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग मिळतो. घरच्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रात बहुधा तोच असतो. साखर कारखान्यांत पाक पांढरा करायला पूर्वी हाडांचा कोळसा वापरत. तोही याच घराण्यातला. काजळ मात्र या घराण्यातले नाही. ते ज्योतीतल्या वायूतून जमते, घन पदार्थ तापून नव्हे, म्हणून इतके मऊ असते.

निसर्गानेही हेच केले, फक्त कमी उष्णतेवर आणि वेळ हाताशी धरून. चंद्रपूरचा कोळसा गोंडवन काळातला, पंचवीस कोटी वर्षांहून जुना. जमिनीत खाली जाताना दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंश वाढतात. भट्टीच्या मानाने ही ऊब किरकोळ. फान क्रेव्हेलन या डच शास्त्रज्ञाने १९५०मध्ये हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे कार्बनशी असलेले प्रमाण एका आलेखावर मांडले. लाकडापासून पीट, लिग्नाइट, दगडी कोळसा असा सगळा प्रवास त्या एका चित्रात दिसतो. भट्टीतला कोळसा त्याच्या जवळूनच, पण निराळ्या वाटेने जातो. पाण्यात दाबाखाली दोनशे अंशांच्या आसपास पालापाचोळ्याचा कोळसा करायची युक्ती बर्गियसने १९१३मध्येच केली होती. ओला कचरा सुकवण्याचा खर्च वाचतो म्हणून तिच्याकडे पुन्हा लक्ष गेले आहे. त्यातून जे निघते ते मात्र लोणारी कोळशापेक्षा दगडी कोळशाच्या धाकट्या भावंडांच्या जवळचे असते आणि जमिनीत तेवढे टिकत नाही.

टिकण्याचा हा मुद्दा आज सगळ्यात महागडा झाला आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्यात, पिवळ्या निकृष्ट मातीच्या मधोमध, काळ्या कसदार मातीचे पट्टे आहेत. तिथल्या मूळ रहिवाशांनी शेकडो वर्षे कोळसा, हाडे, उष्टे-खरकटे आणि खापरे टाकून ती घडवली. काही पट्टे दोन हजार वर्षांहून जुने आहेत. डच मृदाशास्त्रज्ञ विम सॉम्ब्रुक यांनी १९६६च्या पुस्तकात त्यांच्याकडे जगाचे लक्ष वेधले. त्यातून कल्पना निघाली : झाडाने हवेतून घेतलेला कार्बन कोळसा करून मातीत पुरला तर तो शतकानुशतके परत हवेत जाणार नाही. अशा कोळशाला आता बायोचार म्हणतात. तो किती टिकेल याची कसोटी हायड्रोजन आणि कार्बन यांच्या अणूंचे प्रमाण, ते ०.७ च्या खाली हवे, असे युरोपचे प्रमाणपत्र म्हणते. जितका हायड्रोजन कमी, तितके कार्बनचे कडे पक्के आणि जंतूंना तोडायला अवघड. या टिकण्याच्या हमीवर कार्बन क्रेडिट विकले जातात, आणि महाराष्ट्रात पऱ्हाटी, तुराट्या आणि पाचट यांच्याकडे त्या धंद्याची नजर वळली आहे.

पाचटाचा कोळसा आपल्याकडे नवा नाही. पुण्याच्या 'आरती' या संस्थेत डॉ. आनंद कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतात पेटवून दिल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची भट्टी बनवली. तिला २००२मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. तिच्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की पाचट बंद पिंपांत ठासतात आणि त्यातून निघणारा वायू बाहेरच्या कप्प्यात जाळून त्यावरच पिंपे तापवतात. धूर इंधन होतो. त्या कोळशाच्या भुकटीच्या कांड्या करून त्यांच्यावर चालणारा स्वयंपाकाचा सराई कुकरही याच संस्थेचा. भद्रावतीने कारखान्याच्या पातळीवर जे साधायचे म्हटले ते इथे बांधावर, पत्र्याच्या पिंपात झाले.

बायोचारचे गोडवे गाणाऱ्यांच्या आकड्यांत या धुराची दखल क्वचित दिसते. साध्या खड्ड्यात किंवा मातीच्या भट्टीत ओला माल जाळला तर मिथेन सुटतो, आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या अनेक पट तापवणारा वायू आहे. पुरलेल्या कोळशाची कमाई त्यात बरीचशी धुऊन निघू शकते. २०१४ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये पुढे आलेली शंकूच्या आकाराची उघडी भट्टी यावर एक उपाय आहे : वर ज्योतीचा पडदा सतत पेटता ठेवायचा, म्हणजे खालचे वायू त्यात जळून जातात. पण माल सुका हवा आणि माणूस जवळ उभा हवा. पडदा विझला की साध्या खड्ड्यात आणि तिच्यात फरक उरत नाही.

मातीच्या फायद्याचे तर अधिकच सांभाळून बोलायला हवे. जेफरी आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये जगभरच्या प्रयोगांचा एकत्रित हिशेब केला. उष्ण कटिबंधात पीक सरासरी पंचवीस टक्क्यांनी वाढले. समशीतोष्ण देशांत सरासरी वाढ नव्हतीच. हा पहिला आकडा आपल्याकडे सभांमधून ऐकू येतो. त्यामागचे कारण ऐकू येत नाही : तिथल्या जमिनी आम्लधर्मी आणि नापीक होत्या, आणि कोळशाबरोबर आलेल्या अल्कलीने त्यांना चुन्यासारखे काम दिले. विदर्भ-मराठवाड्यातली काळी कापसाची जमीन मुळात अल्कधर्मी आहे. तिथे पऱ्हाटीचा कोळसा टाकून तोच चमत्कार होईल असे मानायला आधार नाही. कोकणातल्या आणि गोव्यातल्या जांभ्या, आम्लधर्मी जमिनीत आशा जास्त आहे. उत्तर स्वीडनच्या जंगलातला दहा वर्षांचा एक प्रयोग २००८मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कोळशाने स्वतः टिकून शेजारचा कुजका पालापाचोळा मात्र लवकर संपवलेला दिसला. तो निकाल सगळीकडे लागू होत नाही, पण कोळसा पुरला की सगळी जमाच होते, या समजुतीला तो पुरेसा धक्का आहे.

आणि हिशेबात माणसेही यायला हवीत. रायगड-ठाण्यातल्या कोळशाच्या भट्ट्यांवर पिढ्यानपिढ्या कातकरी राबले. दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घ्यायची, मुलाबाळांसह भट्टीवर जायचे, पावसाळ्याच्या तोंडावर परतायचे आणि हिशेबात उचल फिटलेली नसायची. हे चित्र अनेक अभ्यासांतून आणि मुक्ततेच्या खटल्यांतून पुढे आले आहे. तोच पिवळा झोंबणारा धूर आणि भट्टीच्या तोंडाशी साचणारा कार्बन मोनॉक्साइड त्यांच्या छातीत गेला. शहरात हा धूर दिसू लागल्यावर मात्र न्यायालय हलले : जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या आणि तंदूर यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. पावाची चव बदलेल का यावर बरीच चर्चा झाली. तो कोळसा ज्या भट्टीत झाला तिथल्या धुरावर फारशी झाली नाही. वास्तविक लाकडातली निम्म्याहून अधिक ऊर्जा शहरात पोचण्याआधीच गेलेली असते. शंभर किलो लाकडात सुमारे दीड हजार मेगाज्यूल असतात. मातीच्या भट्टीतून निघालेल्या पंधरा किलो कोळशात साडेचारशेही नाहीत. तंदूरमध्ये जळते ते उरलेले.

तेव्हा तुमच्या गावात कोणी पऱ्हाटी किंवा पाचट घेऊन कोळसा करून देतो आणि वर पैसेही देतो असे सांगत आले, तर करारावर सही करण्यापूर्वी त्याला तीन गोष्टी दाखवायला सांगा : भट्टीतला धूर जळतो कुठे, तुमच्या जमिनीचा सामू किती, आणि भट्टीवर राबणाऱ्यांना रोजंदारी मिळते की उचल.